खळ मोडू नये म्हणून

लिआ, ॲरन,

तुम्ही माझा फोटो मागितलात. खळ केलेली सुती साडी, करकरीत इस्त्री, पॉलिश केलेले बूट. खाली लिहिणार म्हणालात, ‘आजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही इतकी टापटीप.’ फोटो पाठवते. पण आधी हे वाचा. गेल्या आठवड्यापर्यंत हे सांगायची माझी हिंमत नव्हती.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर म्हणून निवृत्त झाले. हे घडलं तेव्हा लेफ्टनंट होते, उत्तरेतल्या एका बेस हॉस्पिटलमध्ये. कपड्यांची हौस मी मालवणहून नेली होती. माझी आई वडिलांचा चर्चमध्ये मिसेला जायचा शर्ट पेजेच्या निवळीत बुडवून वाळवायची. मी मेसच्या कुककडून भाताचं पाणी मागून घ्यायचे. पांढरा युनिफॉर्म पुठ्ठ्यासारखा ताठ व्हायचा. मेट्रन इतर सिस्टरना म्हणायच्या, “लुक ॲट हर.” मला ते फार आवडायचं.

त्या दिवशी सकाळी १००० वाजता जनरलसाहेबांचं इन्स्पेक्शन होतं. ०८३० पर्यंत ड्रेसिंग्ज आटोपली. मी क्वार्टरवर जाऊन नवा युनिफॉर्म घालून आले. ०९४० ला बेड अकराचा चार्ट पाहायला थांबले. लान्स नाईक विठ्ठल परब, गाव कुणकेश्वरजवळ. मांडीत तोफगोळ्याचा स्प्लिंटर. सहावा दिवस.

“बाय, तू मालवणची मा?”

“हो.”

“मगे वायच बस गो. एक सांगूचा आसा.”

जरा बस म्हणाला, पण स्टूल दुसऱ्या टोकाला होतं. पेशंटच्या बेडवर बसायला मनाई होती. पण मी नियमासाठी उभी राहिले नाही. बसले असते तर युनिफॉर्मला सुरकुत्या पडल्या असत्या. त्याची बोली माझी होती. तरी मी ऑफिसातल्या मराठीत उत्तर दिलं, “इन्स्पेक्शन झाल्यावर येते.”

तो हसला. “बरा. साहेब बघांदे तुका.”

साहेबांनी पाहिलं. “स्मार्ट टर्नआउट, सिस्टर,” म्हणाले. १०२५ ला ते पुढच्या वॉर्डात गेले. १०३० ला वॉर्ड सहायक ओरडला, “सिस्टर! बेड अकरा!”

मांडीतली धमनी फुटली होती. मी बेडवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी दाब दिला. सर्जन चार मिनिटांत आले. १०४८ ला परब गेला. तो शुद्धीवर आलाच नाही. माझा युनिफॉर्म कॉलरपर्यंत भिजला होता.

पुढच्या रजेत मी त्याच्या घरी गेले. त्याची बायको सुलोचना माझ्याच वयाची होती. मला पाहून तिची सासू म्हणाली, “ह्या लुगडा आपसूक उभा रवता काय गो?” सगळे जरा हसले. मग सुलोचनाने विचारलं, “शेवटाक काय बोल्ले?”

“तुमचं नाव घेतलं,” मी म्हटलं. “सुलोचना, म्हणाले.”

 ती चहा करायला आत गेली. नंतर मी दर वर्षी जायचे. ती निघताना शहाळं द्यायची. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

गेल्या आठवड्यात ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी गेले. या वेळी तिच्या खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. सुरकुतीचंसुद्धा.

“माका ठावक होता,” ती म्हणाली. “तेंनी माका जल्मात कधी नावान हाक मारूक नाय. ‘गो, आयकलंस?’ इतक्याच. आमच्यात बायलेचा नाव खंय घेतत?”

माझे वडील आईला दिवसभर नावाने हाका मारायचे. मी खोटं रचलं ते माझ्या घरच्या रीतीने. हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तू पोरगी होतंस. तेवढ्या लांबसून इललंस. म्हणान गप रवलंय.” मग तिने माझी साडी बोटांनी चाचपली. “अजून खळ घालतंस?”

“घालतंय,” मी म्हटलं.

घालते. ती हौस गेलेली नाही आणि जाणारही नाही. फोटोखाली काय लिहायचं ते आता तुम्ही ठरवा.

लान्स नाईक विठ्ठल परब याला काय सांगायचं होतं, ते कोणालाच माहीत नाही. ‘वायच बस गो’ एवढंच शिल्लक आहे. इतकी वर्षं ते माझ्यापाशी होतं. आता सुलोचनापाशीही आहे.