खोडलेली ओळ

"अण्णा, रोलर हळू चालू ठेवा आणि फडक्याने पुसा," राघवेंद्र फोनवर कन्नडमध्ये सांगत होता. पलीकडे बंगळुरातल्या पीण्या भागातल्या कारखान्यातला फिटर होता, शिवण्णा.  मॅन्युअलमधली ती पायरी मी स्वतः, महिन्यापूर्वी, रद्द केली होती.

"थांबव त्याला!" मी ओरडले.

"कै तेगीरी! हात काढा!" राघवेंद्र फोनमध्ये किंचाळला.

त्याने फोन स्पीकरवर टाकला.  मग शिवण्णा धापा टाकत म्हणाला, "फडकं आत गेलं, सर. हात आहे."



राजाजीनगरच्या त्या ऑफिसात मी मशिनची मॅन्युअल्स लिहायचे. तेव्हा ती नुकतीच वेबसाइटवर चढवली होती. राघवेंद्र इथल्याच जुन्या मराठी घरातला, जन्मांध, आणि हेल्पलाइनवरचा आमचा सगळ्यात हुशार माणूस. त्याच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो कानाने ऐकायचा आणि तोंडाने गिऱ्हाइकाला सांगायचा.

"अक्का, तुम्ही लिहिलंय तेच सांगितलं मी," तो म्हणाला.  "स्वल्प थांबा, ऐका."

त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. यंत्राचा सपाट आवाज म्हणाला: रोलर हळू चालू ठेवून पुसा. लगेच त्याच आवाजात: मेन स्विच बंद केल्याशिवाय रोलरवरचा गार्ड उघडू नका.

पहिली ओळ मी आडवी रेघ मारून खोडली होती. दुसरी लाल आणि ठळक केली होती. आवाजात ना रेघ होती, ना लाल रंग. 

रेघ मारायची सवय रजिस्टरची. जुनं पुसायचं नाही, खोडायचं, म्हणजे ऑडिटरला काय बदललं ते दिसतं. कागदावरची ती शिस्त मी डोकं न चालवता वेबसाइटवर नेली होती.

आमचे मॅनेजर मूर्ती सर धावत आले. पान बघून म्हणाले, "मॅडम, ये तो साफ दिखता है!"

"किसको, सर?" राघवेंद्रने विचारलं.

सर ओशाळले. मग म्हणाले, "अक्षरं मोठी करू या?"

"तेही माझा रीडर तसंच वाचतो, सर."

शेवटी त्यानेच सांगितलं आणि मी मुकाट्याने टाइप केलं. प्रत्येक धोक्याच्या पायरीची सुरुवात 'धोका' या शब्दाने. स्विच बंद करायची सूचना सगळ्यात आधी. जे ठासून सांगायचं ते शब्दांतच सांगायचं. रंग हवा तर वरून द्यावा. आणि रद्द झालेली ओळ पानावर ठेवायचीच नाही.

"मग ऑडिटर?" सरांनी विचारलं.

त्याच्यासाठी वेगळी फाइल केली. त्याला जुनं वाचायला भरपूर वेळ असतो, आणि वाचताना त्याचा हात रोलरपाशी नसतो.