बाभळीची फांदी

टेम्पोत मामाला गादीवर आडवं टाकलं होतं. जबडा आईच्या फाडलेल्या लुगड्यानं बांधलेला, ते रक्तानं कडक झालेलं. आई आपल्या या धाकट्या भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "मागं बघू नको गं," एवढंच म्हणत होती. मी बघितलं. ओढ्याकाठची बाभळ दिसली. तिचीच फांदी मोडून गावातल्याच तिघांनी मामाला मारलं होतं. जयंतीला त्यानं स्वतः रचलेलं गाणं चावडीसमोर म्हटलं, एवढाच त्याचा गुन्हा. ज्या तोंडानं गायला, तेच फोडलं मेल्यांनी.

पिशोरच्या पुढच्या त्या गावात मागं राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला हे ठाऊक आहे. मामा ओरडत होता तेव्हा तुम्ही दारं लावून घेतली होती. हे लिहिताना आजही माझ्या मुठी वळतात.

मामा माझा पहिला कवी, अजूनही सगळ्यात लाडका. त्याच बाभळीखाली जाळ करून डफ शेकायचा. पिवळी फुलं माझ्या नाकाशी धरून म्हणायचा, "आधी झाड डोळे भरून बघ. शब्द मागून येतेत."

आता मी चितेगावला कंपनीत पॅकिंगला आहे. शिफ्ट सुटली की बसमध्ये मोबाईलवर कविता टाइप करते. प्रत्येक कवितेत त्या बाभळीला मी तोडलं, जाळलं, मुळासकट उपटलं. परवा शहरात एका कविसंमेलनात एक गृहस्थ म्हणाले, "ताई, एवढा राग बरा नव्हे. निसर्गावर लिहा, मन शांत होतं."

अस्सा संताप आला! म्हटलं, "माझ्या निसर्गात मामाचे दात सांडलेत, साहेब. वेचून देऊ का?"

खोलीवर येऊन तणतणत मामाला सगळं सांगितलं. त्याचा जबडा वाकडाच जुळला. गाणं गेलं, बोलणंही तुटक येतं. बाभळ तोडल्याची कविता वाचून दाखवली. वाटलं, शाबासकी देईल. त्यानं हात वर करून थांबवलं.

"बाभळीनं नाय मारलं मला. त्यांनी आधी तिला मोडलं, मग मला. तिला कशाला तोडतीस? अन् त्या तिघांची नावं कुठंयत?"

नव्हतीच. झाडावर कुऱ्हाड चालवायला काय जातंय? त्यांची नावं घ्यायला मला इथं शहरात बसूनही भीती वाटत होती.

मग नवी लिहिली. आधी बाभळ, फुलांनी पिवळी, एक फांदी मोडलेली. मग तीन नावं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. वाचत होते तेव्हा मामानं जेवणाचं ताट उपडं करून मांडीवर घेतलं आणि बोटांनी ठेका धरला. गाव सोडल्यापासून पहिल्यांदा. आई चुलीकडं तोंड करून रडली.

इथं पत्र्याची खोली आहे, नोकरी आहे, कोणी मारायला येत नाही. तरी तिला घर म्हणायला जीभ वळत नाही. माझं घर म्हणजे तुमच्या चावडीसमोरची तेवढीच जागा, जिथं मामा उभा होता. येत्या जयंतीला आम्ही दोघं येतोय. तो डफ वाजवेल, मी म्हणेन.

या वेळी दारं उघडी ठेवा.