ताटाकडे नको, तोंडाकडे बघ

चि. मीरा आणि निखिल,

नाशिकहून मोखाड्याची एसटी सुटता सुटता माझ्या आईने खिडकीतून डबा दिला आणि म्हणाली, "वाढताना ताटाकडे नको, तोंडाकडे बघ."

"आई, मी नर्स म्हणून चाललेय, वाढपी म्हणून नाही!"

"औषध काय नि आमटी काय, जाणार माणसाच्याच पोटात ना?"

दोन वर्षांत बदली मागायची, असं ठरवून मी इथल्या सरकारी दवाखान्यात आले. शिक्षण इंग्रजीतून झालेलं, इथली बोली कानाला परकी. लोक मात्र मऊ. काहीही विचारा, "हां बाय" म्हणायचे.

एकदा दुपारच्या जेवणाआधी मी चार नंबरच्या खाटेपाशी इन्सुलिन भरून उभी राहिले. नजर ट्रेवरच होती.

"सखूबाई ना तुम्ही?"

"हां बाय."

दंड धरला तर तो तापाने भाजत होता. चार नंबरच्या केसपेपरवर तर ताप नव्हता. तेव्हा कुठे मी तोंडाकडे पाहिलं. ओठ सुकलेली तरुण बाई.

"तुमचं नाव तुम्हीच सांगा बघू."

"जनी. वांगणीची."

"मग हो का म्हणालीस गं?"

"तू एवढ्या मायेनं इचारलंस, नाय कसं म्हणू?"

पलीकडच्या कोपऱ्यातून खरी सखूबाई हसली. "माझी भाची इकडं जनीच्या शेजारी आणली ना, म्हणून मी तिच्याजवळ निजायला आले. जनीला म्हटलं, तू माझ्या खाटेवर जा. खाटा काय, समद्या सरकारच्याच!"

मला हसू आलं नाही. जनीच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. ते इंजेक्शन गेलं असतं तर तिची साखर इतकी उतरली असती, की ती कदाचित पुन्हा उठली नसती.

त्यानंतर "तुम्ही अमुक ना?" हा प्रश्न मी कायमचा सोडला. नाव-गाव पेशंटने सांगायचं, मी केसपेपरशी ताडून पाहायचं, तोवर औषध हातातच. आपल्या माणसाशेजारी खाट हवी असेल तर खुशाल मागा. पण तुमच्याबरोबर केसपेपरही हलणार.

मीरा, आता तूही वॉर्डात उभी राहणार. तुमच्याकडे पेशंटच्या हातावरची पट्टी मशीन वाचतं, हे उत्तमच. तरी ते वाजल्यावर एकदा मान वर करत जा.

बदली मी कधी मागितलीच नाही. आई गेली, नाशिकच्या आमच्या गल्लीत आता मला तोंडावरून ओळखणारं कुणी उरलं नाही. इथे आठवडी बाजारात मात्र म्हातारी जनी मला लांबूनच पाहते आणि सगळ्यांदेखत ओरडते, "मी जनी, वांगणीची! आता घाल सुई!" मग हसत हसत माझ्या पिशवीत नाचणी ओतते.

तुमची आजी