ताग्याच्या टोकावरचं नाव

मी माफ करणारी बाई न्हाय, हे आधीच सांगते. कोणी वाकडं बोललं की मी खूणगाठ बांधून ठेवते आणि वेळ आली की सोडते. आमचे हे अगदी उलट. यांच्या डोक्यावर कोणी मिऱ्या वाटल्या, तर म्हणतील, वाटू दे, जरा बारीक वाट म्हणावं.

बावीस वर्षं हे भिवंडीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर. आधी कारागीर, मग जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम सुरू करून देणारा माणूस. शुक्रवारी लूम बंद, त्या दिवशी यांचं दुसरं वेड, आकाश. सहा महिने माझी मोरी अडवून, काच घासून घासून दुर्बीण बनवली. मी घालूनपाडून बोलले. मग यांनी शनीचं कडं दाखवलं, तेव्हा मीच मोरी मोकळी करून दिली.

२००७ साली दापोड्याच्या भाविकशेठनं परदेशातून आकाशाचे फोटो काढायचा कॅमेरा मागवला. बापाची गोदामं, पोराला हौस. कॅमेऱ्याबरोबर रंगीत काचांचं एक चाक होतं. त्या कॅमेऱ्याला रंग कळत न्हाय. लाल, हिरव्या, निळ्या काचेतून वेगवेगळे फोटो घ्यायचे आणि मग एकावर एक चढवायचे. शेठनं सगळं लॅपटॉपला जोडलं, पण काही केल्या चालेना. मग यांना निरोप आला, दादा, तुम्हीच या.

मीही गेले. यांना मशीन कळतं, इंग्रजी न्हाय. मी दहावी पास, वर तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. हे सांगायचे, मी टाइप करायची. पहिला घोळ शेठनंच घातलेला. ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर टाकायच्या आधीच केबल खुपसली, म्हणून लॅपटॉप कॅमेऱ्याला भलतंच काही समजून बसला होता. ते सगळं काढलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, आधी ड्रायव्हर, मग केबल. कॅमेरा लागला. चाकाची केबल वेगळी, तिचा पोर्ट सॉफ्टवेअरला ओळखीचा करून देताना तीन शुक्रवार गेले. शेठ खाली एसीत, आम्ही वर गच्चीत डबा खायचो. जाता-येता शेठ म्हणायचा, "दादा, फोटो झाला की खाली पहिलं नाव तुमचं."

फोटो झाला, पण उलटा. मृगातला तेजोमेघ लालसर यायला हवा, तो निळा आला. यांनी काचा लूमच्या सवयीनं भरलेल्या, कारागीर उभा राहतो त्या बाजूनं मोजून. चाक मोजत होतं पलीकडून. लालच्या जागी निळी, निळीच्या जागी लाल. हे म्हणाले, काचा आता काढल्या तर धूळ बसेल, सॉफ्टवेअरमधली नावंच बदल. तिथं चाकाच्या प्रत्येक खणापुढे काचेचं नाव लिहायला जागा असते, आणि तेच नाव पुढे प्रत्येक फोटोच्या फायलीत आपोआप लिहिलं जातं.

मी विचारलं, काय लिहू? तर म्हणाले, आधी कारागीर, मग रंग.

भिवंडीत कापडाच्या ताग्याच्या टोकाला विणणाऱ्याची खूण असते. कौतुकासाठी न्हाय हो. खोट निघाली तर कोणाला पकडायचं ते कळावं म्हणून. यांचं म्हणणं, काचा आपण उलट्या भरल्या, पुन्हा काही चुकलं तर दुसऱ्या कोणावर नको यायला. मग मी इंग्रजी अक्षरांत यांचं नाव आणि पुढे रंग, असं तीनदा लिहिलं. बोटांनी घेतलं नाव, तोंडानं न्हाय. आमच्यात नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत न्हाईत.

पुढचा फोटो असा आला की मी बघतच राहिले.

शेठनं तो मोठा छापून शाळेच्या प्रदर्शनात लावला. हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले, बरोबर मीही. खाली एकच नाव होतं, शेठचं. यांनी हळूच विचारलं. तर चारचौघांत, दादा म्हणणारा तो शेठ काय बोलला माहीत हाय? "तू वायरी जोडल्यास रे. आता आकाशाला लूमवाल्याचं नाव लावू काय?"

लोक हसले. हेही हसले. त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं या माणसाचं नाव फक्त खोट निघाली की शोधलं गेलं, आणि चांगलं काही केलं तेव्हा पुसलं. तिथंच गाठ बांधली.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी शेठचं भाषण होतं. हॉल भरलेला, मोठा पडदा, मुंबईहून आलेल्या प्राध्यापक बाई पाहुण्या. शेठ फायली उघडून दाखवत होता, मी अमुक केलं, मी तमुक केलं. यांना मी मागच्या रांगेत बसवलं आणि स्वतः पुढे गेले. प्रश्न विचारा म्हणाले, तशी उठले. म्हटलं, कुठल्या काचेतून फोटो घेतला ते फायलीत लिहिलेलं असतं म्हणतात, ते दाखवा की.

शेठला ते ठाऊकच न्हवतं. बाई म्हणाल्या, छान प्रश्न विचारलात, आणि त्यांनीच ती माहिती उघडली. पडद्यावर हातभर अक्षरांत नाव आलं. बाईंनी विचारलं, हे कोण? शेठ म्हणाला, काही न्हाय, सॉफ्टवेअरचंच असतं काहीतरी. मी म्हटलं, दुसरी उघडा. तिच्यातही तेच. तिसरीतही तेच.

"मी वाचते," म्हटलं, आणि भर सभेत, उखाण्याशिवाय वाचलं. "दामू लाल. दामू हिरवा. दामू निळा. दामू माझा नवरा हाय. तो बघा मागं बसलाय, लूमवाला."

चारशे माना मागं वळल्या. मी मात्र शेठच्या तोंडाकडे बघत राहिले, पोट भरेपर्यंत. बाईंनी पर्समधला पेन काढून त्या छापील फोटोखाली स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, शेठच्या वर.

घरी येताना हे म्हणाले, "खोट निघाली तर शोधायला लिहिलं होतं ग ते नाव."

"मग?" मी म्हटलं. "सापडली की. शेठची."