तलावावरचे सावकाशराव

अणुभट्टीत काम करणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात भलतंसलतं चित्र असतं. सावकाशरावांच्या मेहुण्याला तर कित्येक वर्षं वाटत होतं, की हा माणूस अंधारात थोडासा चमकत असावा. प्रत्यक्षात सावकाशराव दिवसभर पाण्याकडे बघायचे. कामावरचे लोक ज्याला नुसता 'तलाव' म्हणत, तो म्हणजे एका मोठ्या दालनातला, पोलादाचं अस्तर लावलेला, तीन मजले खोल हौद. भट्टीत वापरून झालेल्या इंधनाच्या जुड्या त्याच्या तळाशी खणाखणांत उभ्या असत. इंधन संपलं तरी त्याची धग संपत नाही. चूल विझली म्हणून लगेच राखेत कोणी हात घालत नाही, तसंच. म्हणून ते वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवायचं, पाणी आटणार नाही आणि तापणार नाही हे पाहायचं, आणि पुरेसं निवल्यावर जाड पिंपांत भरून बाहेर उभं करायचं. एवढंच काम. पण 'एवढंच' म्हणणाऱ्याने ते एकदा करून बघावं.

पाण्यावरून सरकणारी क्रेन सावकाशरावांच्या हातात होती. प्रत्येक हालचालीआधी ते स्वतःशीच 'सावकाश' म्हणत, त्यावरून हे नाव पडलं आणि खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं. घरीही तोच खाक्या. लग्नाला होकार द्यायला त्यांनी इतका वेळ घेतला, की मी दुसरं स्थळ बघायला लागले होते, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तलावाच्या काठावर सुटी वस्तू न्यायची नाही, चष्म्यालाही दोरी हवी, हा तिथला नियम. सावकाशरावांनी तो घरी आणला आणि किल्ल्या, कात्री, पेन, सगळ्यांना दोऱ्या बांधल्या. उद्या मलाही बांधाल, असं बायको म्हणाली, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचार करून सांगितलं, की ती पाण्याजवळ जात नाही तोवर गरज नाही.

दोन नियम मात्र ते नव्या माणसांना अगदी कानीकपाळी ओरडून शिकवत. ताजी जुडी दुसऱ्या ताज्या जुडीशेजारी ठेवायची नाही; तिच्या चारी बाजूंना जुन्या, निवलेल्या जुड्या हव्यात. त्यासाठी प्रत्येक खणाच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. जुडी खाली सोडण्याआधी तो आकडा दोघांनी दोन बाजूंनी वाचायचा, आधी आपापल्या मनात आणि मग मोठ्याने. एकाने आधी सांगून टाकलं, की दुसऱ्याच्या डोळ्यांत तोच आकडा बसतो आणि मग तळाशी काहीही असलं तरी त्याला तोच दिसतो. कोणी उतावळेपणा केला की सावकाशराव म्हणायचे, "आधी सांगू नकोस. मला माझं वाचू दे."

दुसरा नियम 'थांबा'चा. तलावावर कोणीही, अगदी कालच आलेल्याने, 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. आधी थांबायचं, मग विचारायचं, आणि शंका खोटी निघाली तरी म्हणणाऱ्यावर डोळे वटारायचे नाहीत.

आणि याच माणसाला स्वतःला 'थांबा' म्हणता येईना.

सेवानिवृत्ती जवळ आली आणि डोळे अधू होऊ लागले. आधी दिव्यांभोवती वलयं आली. मग खणांवरचे आकडे पाण्यात विरघळल्यासारखे पुसट झाले. डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदाच असायची आणि ती नुकतीच पार पडली होती, तेव्हा पुढच्या तपासणीपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर क्रेनवरून उतरवतील, गोदामातल्या एखाद्या टेबलाशी बसवतील आणि सावकाशरावांचा शेवट पावत्या फाडत होईल. या माणसाला गर्व कशाचा नव्हता, फक्त क्रेनचा होता. तेवढ्यासाठी त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि हे त्यांचं चुकलंच.

त्यांच्याबरोबर आकडे वाचणारी जोडीदारीण त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती त्यांना काका म्हणायची आणि सख्ख्या काकांपेक्षा जास्त मानायची. काका कठड्यावरून पूर्वीपेक्षा जास्त वाकतात, हे तिच्या लक्षात आलं. मग ती आकडा जरा आधी वाचू लागली. काका लगेच 'बरोबर' म्हणत. का, ते दोघांनाही कळत होतं आणि दोघंही एकमेकांशी त्यावर अवाक्षर बोलत नव्हती. मायेपोटी केलं तरी जिथे दोन जोड्या डोळे हवेत तिथे एकच जोडी उरली होती.

घरी तरी काय निराळं होतं? बायकोने मिठाच्या डब्याला लाल दोरा बांधला, साखरेचा तसाच ठेवला. सकाळी वर्तमानपत्र ती मोठ्याने वाचून दाखवायला लागली. म्हणे, आवाज मोकळा होतो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पांढरी पट्टी आली. सावकाशराव या कशाबद्दल चकार शब्द काढत नसत. दोरा बांधण्याचं वेड त्यांचंच, तेव्हा विचारणार कोणत्या तोंडाने?

त्या सकाळी भट्टीतून नुकतीच आलेली एक जुडी जागेवर ठेवायची होती. देखरेख करणारे साहेब पलीकडे आराखडा घेऊन उभे. सावकाशरावांनी क्रेन नेली, थांबवली. जोडीदारणीने आकडा वाचला, आराखड्यात होता तोच. सावकाशराव 'बरोबर' म्हणाले आणि हात खटक्याकडे गेला.

ताज्या जुडीभोवती पाण्यात निळसर उजेड असतो. आकडे दिसत नसले तरी हा उजेड त्यांना अजून दिसायचा, वलयासकट, जरा जास्तच मोठा. जुडी जिथे सुटणार होती त्या खणाला अगदी लागून तसाच निळा उजेड होता. तिथे तर जुनी, विझलेली शेजारीण हवी होती.

"थांबा," सावकाशराव म्हणाले.

सगळं थांबलं. जुडी पाण्यात लटकत राहिली, साहेब होते तिथे उभे राहिले. मग साहेबांनी शांतपणे विचारलं, "काय दिसलं?"

दिसलं ते सांगून सुटता आलं असतं. शेजारी उजेड आहे, क्रेन एक खण पुढे आली आहे, एवढं म्हटलं असतं तर उलट पाठ थोपटली गेली असती. सावकाशरावांनी खटक्यावरचा हात काढून घेतला.

"शेजारी निळं दिसलं. आकडा मला दिसलाच नाही. तरी बरोबर म्हणालो. आणि हे आजचं नाही, बरेच दिवस चाललंय."

जुडी योग्य खणात गेली, पण ती दुसऱ्या माणसाच्या हातून. चुकीच्या खणात सुटली असती तरी आभाळ कोसळलं नसतं. पाणी भरपूर होतं आणि एक चूक पोटात घालता यावी अशीच तलावाची रचना असते. पण चूक ती चूक. साहेबांनी आवाज चढवला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा होकार येईपर्यंत क्रेन बंद, आणि आकडे कसे वाचले जात होते त्याची चौकशी, एवढंच सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीबाहेर जोडीदारीण रडत उभी होती. तिने खण नीट पाहिलाच नव्हता. आराखड्यातला आकडा डोक्यात होता तो बोलून गेली, कारण अर्धं लक्ष काकांच्या तोल जाण्याकडे होतं. सावकाशराव तिला रागावले नाहीत. तिला शिकवलं त्यांनी, आणि बिघडवलंही त्यांनीच. उद्या सगळं खरं सांग, माझ्यावर पांघरूण घालू नकोस, असं सांगून ते तिच्या डोक्यावर हात ठेवून निघाले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग ते म्हणाले, "तुला माहीत होतं."

"हो."

"मग थांबा का नाही म्हणालीस?"

"म्हटलं असतं तर तुम्ही थांबला असतात," ती म्हणाली. "आणि थांबलेले तुम्ही मला बघवले नसते."

त्यांनी उठून लाल दोऱ्याचा डबा हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि जागेवर ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याभोवती कोण उभं राहून आपली धग सोसत होतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगलं. त्यांना तिची फार माया आली आणि थोडी लाजही वाटली.

मोतीबिंदूच होता. शस्त्रक्रिया झाली. क्रेन परत मिळेल की नाही हे तपासणीनंतर ठरणार होतं, आणि नवल म्हणजे त्याबद्दल ते कोणाला विचारत नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, उजेडाला सरावायला सांगितलं आणि बाहेर गेले. बायको समोरच्या स्टुलावर बसली होती. एवढ्या दिवसांत तिने केस रंगवणं सोडलं होतं, डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि आता हे सगळं यांना लख्ख दिसणार म्हणून ती संकोचली होती. तिने पदर सारखा केला.

"दिसतंय का?" तिने विचारलं. "हे बघा, मी आता पहिल्यासारखी..."

सावकाशरावांनी हात वर केला.

"आधी सांगू नकोस," ते म्हणाले. "मला माझं वाचू दे."

आणि ते तिच्याकडे बघत राहिले, सावकाश.