छापून आलेली मजा

काकासाहेबांनी छत्तीस वर्षं जालन्याच्या 'बांधावरून' साप्ताहिकाला अंबडकडच्या बातम्या पुरवल्या. पगार न्हाई, भत्ता न्हाई. सकाळच्या एस्टीच्या डायव्हरच्या हाती पाकीट दिलं की बातमी जालन्यात. अन् प्रत्येक बातमीच्या शेपटाला हा गडी हटकून लिहायचा, 'गावकऱ्यांना फार मजा आली.' शाळेवर पत्रे बसले, मजा आली. हापशाला पाणी लागलं, मजा आली. तिकडं संपादक लाल पेन घेऊन बसलेलेच. मजा खोडायचे अन् वर आनंद लिहायचे. "पेपरात मजा येत नसती, काकासाहेब. आनंद होत असतो."

पण एकदा छापून आल्ती! त्र्याऐंशी साली पाटबंधाऱ्याच्या साहेबाची जीप चिखलात फसली अन् बैलं जुंपून ओढावी लागली, त्या बातमीत. काकासाहेब चाळीस वर्षं हे सांगत आले, गाव चाळीस वर्षं "हो का?" म्हणून हसत आलं. अंक दाखवावा तर तो बायकोनं, चतुराबाईंनी, त्याच आठवड्यात शेवयांखाली अंथरला अन् शेवयांसकट शेळीनं खाल्ला.

परवा दाढी करता करता सलूनवाल्या संपतनं खोडी काढली. "काका, छापल्याली मजा दाखवा, माझं डोकं गोटा करतो. न्हाई दाखवली तर ही मिशी माझी."

मिशी म्हणजे पार कानाला टेकलेली. तिला कात्री ठाऊक, वस्तरा न्हाई. काकासाहेब अर्ध्या दाढीनं उठले. "लागली पैज!"

जुन्या फायली होत्या जुन्या जालन्यात, फकरोद्दीनच्या घरी. साप्ताहिकाचे छपाईचे खिळे तोच जुळवायचा. छापखाना बंद पडला तेव्हा फायली त्यानं उचलून नेल्त्या. दुसऱ्या दिवशी तिघं बसमधी: काकासाहेब, चतुराबाई, अन् पिशवीत केस कापायचं मशीन घेऊन संपत. चतुराबाई वाटभर नवऱ्याच्या मिशीकडं टक लावून.

"काय बघून राह्यली?"

"बघून घेते वो. येताना वळखू आले पाहिजेत न्हाई का तुम्ही?"

फकरोद्दीननं विषय ऐकला अन् मांडीवर थाप मारली. "बिलकुल छापलं! संपादकसाबनं लाल मारलं होतं, पण खालचं बराबर दिसत होतं. मी तेच जुळवलं. जीप फसल्यावर मजाच येती ना, काकासाब!"

"तुम्ही त्यांचे दोस्त," संपत म्हणला. "छापल्यालं दाखवा."

फाईल उघडली. अंक सापडला, मथळाही सापडला, 'साहेबांची जीप चिखलात'. त्याच्या खाली वाळवीनं पाडलेलं भलंमोठं भोक. बातमी गायब. काकासाहेबांचा हात आपोआप मिशीवर गेला. संपतनं पिशवीतून मशीन काढून फुंकर मारली.

चतुराबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी गुपचूप पुढच्या आठवड्याचा अंक ओढला अन् बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागल्या. "चूक-दुरुस्ती. गेल्या अंकात जीपच्या बातमीत 'गावकऱ्यांना फार मजा आली' असे अनवधानाने छापले गेले. ते 'गावकऱ्यांना अत्यानंद झाला' असे वाचावे. संपादक दिलगीर आहेत."

मंग फकरोद्दीन खांबाला धरून हसायला लागला. "साहेबाची जीप फसली अन् अत्यानंद! या अल्ला!" अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काकासाहेब अंगणात दोन गिरक्या घेऊन बसले.

"पण हे तर आनंद वाचा म्हणून राह्यलं!" संपत ओरडला.

"तुला वाचायचं ते वाच, लेका! छापलं काय, ते बघ!"

संपतनं तीनदा वाचलं. गडी इमानदार. मशीन पुढं करून ओट्यावर बसला. काकासाहेबांचे हात हसून हसून कापायलेले, फकरोद्दीनच्या डोळ्यांत पाणी. शेवटी चतुराबाईंनी पदर खोचला.

"काकू, कान सांभाळा!"

"मान खाली."

कपाळापासून मानेपर्यंत नांगरल्यागत एक सरळ तास पडला अन् बाईंना हसू फुटलं ते आवरंचना. अंबडची गाडी निघायला आल्ती. संपतनं त्यांच्या हातचं मशीन हिसकून घेतलं, आरसा मागितला, अन् उरलेलं डोकं स्वतःच, धंद्याला शोभंल अशा सफाईनं भादरलं.