खाली उतरवलेला माणूस

दवाखान्यानं आशा सोडून घरी पाठवलेल्या दुखणेकऱ्यांसाठी देवपुरात सुंदरबाईला बोलावणं यायचं. ती त्यांना पुसायची, कुशीवर वळवायची, चमच्यानं पेज पाजायची. माणसाचा जीव खाटेवर जाऊ नये, त्याला खाली निजवावं म्हणून घरच्यांनी जमीन सारवायला घेतली, की ती खेकसायची, "जीव शे ना अजून! घाई कसली झाली तुमले?"

बहात्तरच्या थंडीत तिचा नवरा उखर्डू अंथरुणाला खिळला. त्याचंही सगळं तीच करत राहिली. एका सकाळी तिनं स्वतःच जमीन सारवली आणि आम्हा शेजाऱ्यांना हाक मारली. आम्ही उखर्डूला खाली निजवलं.

त्यानं डोळे उघडून तिला विचारलं, "इतक्यात?"

सुंदरबाईनं रिकामी खाट उचलली आणि बाहेर उन्हात नेऊन उभी केली.